संहितेशेजारचा कप्पा

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथा, प्रभाषणीय अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वाचलेला आहे. त्यातील चंदनाचा भार वाहणाऱ्या गाढवाचा दृष्टांत बहुतेकांच्या स्मरणात असतो. गाढवाला ओझे कळते, चंदन कळत नाही. अर्थ न जाणता पाठ करणाऱ्याची गत तशीच होते. त्याच अध्यायात आचार्य आणखी एक गोष्ट सांगतात, ती मात्र परीक्षेत फारशी विचारली जात नसल्यामुळे मागे पडते. जो एकाच शास्त्राचे अध्ययन करतो त्याला त्या एका शास्त्राचाही निश्चय होत नाही, म्हणून चिकित्सकाने बहुश्रुत असावे, असे त्यांचे सांगणे आहे.

बी.ए.एम.एस. होऊन व्यवसायात पडल्यावर बरीच वर्षे आम्ही या बहुश्रुतपणाचा सोयीस्कर अर्थ केला होता. सुश्रुत झाल्यावर चरक पाहावा, वाग्भट पाहावा, माधवनिदान, शार्ङ्गधर व भावप्रकाश हाताशी असावेत, म्हणजे बहुश्रुत झालो. कथा, कादंबऱ्या, आत्मचरित्रे हे फावल्या वेळचे वाचन. आणि सांगलीसारख्या गावात सकाळ-संध्याकाळ दवाखाना चालवणाऱ्या वैद्यास फावला वेळ कोठून मिळणार, असे आम्ही म्हणत असू.

हा समज मोडण्यास कृष्णामाईचे पाणी कारण झाले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. आमचा दवाखाना गावभागात. पाणी येणार हे कळल्यावर आम्ही आसवारिष्टांच्या बाटल्या व भस्मांच्या पुड्या वरच्या फळीवर ठेवल्या, कारण त्या महाग. ग्रंथ खालच्या कप्प्यातच राहिले, कारण ते आपल्याला पाठ आहेत अशी समजूत. पाणी ओसरल्यावर दार उघडले तेव्हा बाटल्या जागच्या जागी होत्या आणि कपाटाच्या तळाशी चिखलाचा एक गोळा होता. त्या गोळ्यात आमच्या आजोबांचा ‘सार्थ वाग्भट’ होता.

आजोबा सातारा तालुक्यातील एका खेड्यात वैद्यकी करीत. गर्द्यांनी मराठीत आणलेला हा वाग्भट त्यांचा आयुष्यभराचा सोबती. त्याच्या समासात त्यांनी शिसपेन्सिलीने बारीक अक्षरांत टिपणे केली होती. आम्ही महाविद्यालयात असताना ती मोठ्या उत्सुकतेने पाहिली व निराश झालो. त्यांत योग नव्हते, मात्रा नव्हत्या. ‘सून माहेरी’, ‘विहीर आटली’, ‘मुलगा मुंबईस, पत्र नाही’ अशा नोंदी होत्या. म्हाताऱ्याने ग्रंथाची घरगुती वही केली, असे म्हणून आम्ही हसलो होतो. तो ग्रंथ हातात चिखल होऊन आला त्या दिवशी, कोणती नोंद कोणत्या श्लोकासमोर होती हे आठवण्याचा आम्ही प्रयत्न केला. एकही आठवले नाही.

त्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयाचीही असंख्य पुस्तके गेली. ज्या गावात सार्वजनिक ग्रंथसंपदेची अशी हानी झाली तेथे एका वैद्याच्या एका पुस्तकाचे दुःख ते काय! वाग्भटाची नवी प्रत आम्ही महिन्याभरात आणली. समास कोरे होते.

पुढे काही वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत, आमच्या सौ. व मुले आम्हांला आग्रहाने भिलारला घेऊन गेली. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यानजीकचे हे स्ट्रॉबेरीचे गाव. वेल्समधील हे-ऑन-वे या गावाच्या धर्तीवर राज्य शासनाने ४ मे २०१७ रोजी येथे ‘पुस्तकांचं गाव’ सुरू केले. आरंभी २५ ठिकाणी पुस्तके मांडली गेली. कोणाच्या ओसरीवर कादंबऱ्या, कोणाच्या घरी चरित्रे, कोठे इतिहास. यावे, बसावे, वाचावे. कोणी काही मागत नाही. मुले स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांकडे गेली आणि आम्ही एका ओसरीवर बसलो. हाताला लागले ते पुस्तक उघडले. संध्याकाळी मुलांनी येऊन हाक मारली तेव्हा लक्षात आले की, संहितेव्यतिरिक्त एखादे पुस्तक सलग चार तास वाचल्याला पंधरा-सोळा वर्षे लोटली होती.

त्यानंतरच्या वर्षभरात आम्ही जे वाचले त्यांतील पाच पुस्तकांविषयी येथे लिहीत आहोत. ही समीक्षा नव्हे. तेवढा आमचा अधिकार नाही. या पुस्तकांनी आमच्या रुग्ण तपासण्याच्या पद्धतीत काय बदल केला आणि आमच्या कोणत्या चुका आमच्याच पदरात घातल्या, एवढेच व्यवसायबंधूंपुढे व औषधालयाच्या मालकांपुढे ठेवावयाचे आहे.

पंचांगातील ऋतू आणि झाडावरील ऋतू

भिलारच्या ओसरीवर हाती आलेले पुस्तक म्हणजे दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’. १९५६ साली प्रसिद्ध झालेले हे ललित लेखांचे पुस्तक चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांतील झाडे, फुले, पाखरे, आकाशाचे रंग यांचे वर्णन करते. दुर्गाबाई लोकसंस्कृतीच्या व्यासंगी अभ्यासक. १९७५ साली आपल्या कराडला भरलेल्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या आणि आणीबाणीच्या त्या दिवसांत लेखनस्वातंत्र्याची बाजू त्यांनी तेथे निर्भयपणे मांडली. तीच निर्भयता त्यांच्या पाहण्यातही आहे. पूर्वसूरींनी अमुक महिन्यात अमुक फुलते असे म्हटले म्हणून त्या मान्य करीत नाहीत. स्वतः जाऊन पाहतात.

हे वाचताना आम्हांला आमच्या पत्रकाची लाज वाटली. दरवर्षी आम्ही ऋतुचर्येचे छापील पत्रक वाटतो. श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद, असा वाग्भटाप्रमाणे काटेकोर हिशेब. पंचांग पाहूनच विरेचनाच्या तारखाही ठरवतो. २०१९ साली पाऊस कार्तिकापर्यंत रेंगाळला. तासगाव-मिरज भागातील द्राक्षबागांचे त्यात अतोनात नुकसान झाले. बाहेर भुरभुर पाऊस, हवेत ओल, रुग्णांचा अग्नी मंद. आणि आम्ही पत्रकातील तारखांप्रमाणे शरद ऋतूचे शोधन चालू ठेवले होते. त्या वर्षी दोन-तीन रुग्णांना विरेचन सोसले नाही. आम्ही दोष त्यांच्या कोष्ठाला दिला. काळाचा हीनयोग, मिथ्यायोग, अतियोग होत असतो, हे आचार्यांनी सांगून ठेवलेले आहे. ते आम्हांला पाठ होते. खिडकीबाहेर पाहणे तेवढे राहून गेले.

दुसरी गोष्ट द्रव्यगुणाची. आम्ही बहुतेक वनस्पती वाळलेल्या नमुन्यांवरून शिकलो. साताऱ्याचे आमचे एक औषधविक्रेते स्नेही आहेत. वीस वर्षे अशोकाची साल विकतात. ‘ऋतुचक्र’ वाचून झाल्यावर आम्ही त्यांना सहज विचारले, सीतेचा अशोक फुललेला पाहिला आहे काय? त्यांनी पाहिला नव्हता, आम्हीही नव्हता. वसंताच्या तोंडाशी एका परिचितांच्या बागेत दोघे मिळून गेलो. खोडाला, जून फांद्यांना बिलगून आलेले नारिंगी-तांबडे घोस पाहिले. रस्त्याकडेला उंच वाढणारा, लांब पानांचा, हिरवट फुलांचा जो अशोक म्हणून ओळखला जातो त्याची साल बाजारात भेसळ म्हणून येते, हे आपण सारे जाणतो. परतताना आमचे स्नेही बराच वेळ बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोदामातील एक पोते वेगळे काढून तपासणीसाठी पाठवले. पोत्यात काय निघाले ते त्यांनी आम्हांला सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. त्यांनी पुरवठादार बदलला, एवढे कळले.

मेंढरे कोठे आहेत?

दुसरे पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. ही कादंबरी १९५५ ची. माडगूळकर बंधू आटपाडी तालुक्यातील माडगूळचे, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याचे. औंध संस्थानातील एका धनगरवाडीत एकशिक्षकी शाळेवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर, वाडीचा कारभारी, रामोशी, मेंढपाळ, त्यांनी मिळून उभारलेली तालीम आणि शेवटी दुष्काळाने ओस पडत गेलेली वाडी, एवढीच हकीगत. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा जो पुरस्कार केला तो आपल्या क्षेत्रातील सर्वांना माहीत आहे. त्या संस्थानातील एका दूरच्या वाडीत तो काळ कसा दिसत होता, हे येथे कळते.

या कादंबरीत एक प्रसंग आहे. एका गरीब कुणब्याजवळ औताला एकच बैल असतो. दुसरा मिळत नाही, तेव्हा त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जू खांद्यावर घेते. लेखकाने हा प्रसंग कोणताही आक्रोश न करता सांगितला आहे. आम्ही तो वाचला आणि पुस्तक मिटून ठेवले. ‘भारवहन’ हा शब्द वातव्याधीच्या हेतूंत आम्ही किती वेळा लिहिला असेल! त्या शब्दामागे असे कोणी असू शकते, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

मग एका रुग्णाची आठवण झाली. काही वर्षांपूर्वी आटपाडीकडील एक वृद्ध धनगर गुडघे घेऊन आमच्याकडे आले होते. संधिवाताची लक्षणे स्पष्ट होती. आम्ही औषध दिले आणि पथ्य सांगितले: चालणे कमी करा, गार वारा टाळा, वेळेवर ताजे व ऊन जेवा, दुपारी पायाखाली उशी घेऊन पडा. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले. “बरं हाय,” म्हणाले आणि गेले. पुन्हा आले नाहीत. आम्ही त्यांची गणना पथ्य न पाळणाऱ्यांत केली. वस्तुतः वर्षातील आठ महिने कळपामागे चालणाऱ्या, उघड्या रानात निजणाऱ्या माणसाला आम्ही जे सांगितले ते पथ्य नव्हते. दुसऱ्या कोणाचे तरी आयुष्य होते.

आपल्या दोन जिल्ह्यांतच केवढा देशभेद आहे! महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, माणदेशात पाचशेची आशा करावी लागते. अनूप, साधारण आणि जांगल हे तिन्ही देश सकाळी साताऱ्याहून निघालेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत पाहता येतात. आता टेंभू योजनेचे पाणी आटपाडीकडे पोहोचले आहे, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या आहेत. माडगूळकरांचा माणदेश जसाच्या तसा राहिलेला नाही. तरी कळप घेऊन निघणारी माणसे आजही निघतात. अलीकडे त्या भागातील मेंढपाळ आला की नाडी पाहण्याआधी आम्ही विचारतो, “मेंढरं कुठं आहेत सध्या?” परवा एकाने सांगितले, “वाळव्याकडं उसाच्या रानात बसवल्यात.” मग तेल केव्हा लावता येईल, शेक कशाने घेता येईल, मुक्काम किती दिवसांचा, हे त्याच्याशी बोलूनच ठरले. तो दोन वेळा परत आला. आमच्या व्यवसायात एवढे पुष्कळ आहे.

पत्त्याचा रकाना

२०२६ च्या जानेवारीत साताऱ्यात ९९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. तेथील ग्रंथप्रदर्शनातून आम्ही लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ची प्रत घेतली. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनाला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. फलटण परिसरात, कैकाडी समाजात जन्मलेल्या लेखकाचे हे बालपण व तारुण्य. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव जावयाचे, टोपल्या-कणग्या विणावयाच्या, गावाबाहेर पालात राहावयाचे.

हे पुस्तक आम्ही सलग वाचू शकलो नाही. मध्ये आठ दिवस बाजूला ठेवले. कारण प्रामाणिकपणे सांगावयाचे तर असे की, आम्ही स्वतःला त्या पुस्तकात गावाच्या बाजूला उभे असलेले पाहिले. लेखाच्या आरंभी चंदनाचा भार वाहणाऱ्या गाढवाचा उल्लेख केला आहे. वर्गात आम्ही तो दृष्टांत कितीदा हसत हसत सांगितला. आमच्यासाठी गाढव हे अडाणीपणाचे नाव होते. ‘उपरा’त त्याच्या पाठीवर एका कुटुंबाचे संपूर्ण घर आहे.

आमच्या केसपेपरवर पत्त्याचा रकाना असतो. टोपल्या विणणाऱ्या एक बाई खोकला व कृशता घेऊन येत असत. त्यांच्या रकान्यात आमच्या साहाय्यकाने ‘फिरस्ते’ असे लिहिले होते आणि आम्ही ते कधी दुरुस्त केले नव्हते. त्यांना आम्ही भरडीचा काढा दिला होता. दोन वेळा, चौपट पाण्यात उकळून, पाव राहील तोवर आटवून. काढ्यासाठी वेगळे भांडे आहे काय, दोन वेळा चूल पेटते काय, सरपण कोठून येते, यांतील एकही प्रश्न विचारला नाही. पंचविध कषायकल्पना आपण सारे जाणतो. काढा होत नसेल तर फांट आहे, हिम आहे, गुटी-वटी आहे. रुग्णाच्या अग्नीप्रमाणे कल्पना बदलावी हे शास्त्र आम्हांला येत होते. रुग्णाच्या चुलीप्रमाणे ती बदलावी हे सुचले नाही. त्या बाई पुन्हा आल्या तेव्हा आम्ही काढा बंद करून गोळ्या दिल्या, थुंकीच्या तपासणीसाठी शासकीय रुग्णालयाकडे चिठ्ठी दिली आणि पत्त्याच्या रकान्यात त्यांचे पाल सध्या ज्या नाक्याजवळ आहे त्या नाक्याचे नाव लिहिले. तपासणीत क्षय निघाला, उपचार सुरू झाले. यात आमचे कौतुक काही नाही. ती चिठ्ठी दोन महिने आधी द्यावयास हवी होती.

औषधालयाच्या मालकांना येथे एक विनंती करावीशी वाटते. काढ्याच्या पुडीवर कृती छापलेली असते, ती स्वयंपाकघर असलेल्यांसाठी असते. काउंटरवरील मुलाने “घरी उकळायला जमेल का?” एवढे विचारले तरी पुष्कळ औषध वाया जाण्याचे थांबेल.

तारुण्याचा बाजार

वि. स. खांडेकर १८९८ साली सांगलीत जन्मले, याचा आम्हां सांगलीकरांना अभिमान आहे. त्यांच्या ‘ययाति’ या १९५९ च्या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पुढे १९७४ चे ज्ञानपीठही. आम्ही ती महाविद्यालयात असताना वाचली होती, तेव्हा शर्मिष्ठेची कथा म्हणून वाचली. आता चाळिशी ओलांडल्यावर वाचली ती जरेची कथा म्हणून. आयुर्वेदाच्या आठ अंगांत जरा व वृष, म्हणजे रसायन व वाजीकरण, ही दोन अंगे आहेत. या कादंबरीचा विषय नेमका त्या दोहोंच्या सीमेवर आहे. शापाने वृद्ध झालेला राजा मुलाकडे तारुण्य मागतो, याहून वाजीकरणाच्या हव्यासाचे भयंकर रूप कोणते असेल?

काही पाने आम्हांला लांबलेली वाटली, हे सांगितले पाहिजे. उपमांची दाटी होते, पात्रे भाषण केल्यासारखी बोलतात. देवयानीच्या वाट्यालाही लेखकाची सहानुभूती थोडी कमी आली, असे आमच्या सौं.चे मत आहे आणि ते आम्हांला पटते. तथापि या कादंबरीची एक रीत वैद्याने ध्यानात घ्यावी अशी आहे. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली हकीगत स्वतः सांगतात. एकाच घरातील एकच घटना, आणि प्रत्येकाच्या तोंडी तिचे रूप निराळे! रुग्ण, त्याची पत्नी, त्याची आई यांना वेगवेगळे विचारले असता आपल्याला जे कळते ते हेच. आम्ही बहुधा एकालाच विचारतो, तोही जो मोठ्याने बोलतो त्याला.

ही कादंबरी आम्ही साताऱ्याच्या त्याच औषधविक्रेत्या स्नेह्यांना वाचावयास दिली. त्यांच्या दुकानात संध्याकाळनंतर येणाऱ्या तरुण गिऱ्हाइकांत ‘शक्ती’चे औषध मागणारे पुष्कळ. पंचविशीचे, धडधाकट, मान खाली घालून मागणारे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने अशा दाव्यांच्या जाहिरातींना बंदी आहे, तरी भिंती व मोबाइल त्यांनीच भरलेले असतात. वनौषधींच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अशा काही उत्पादनांत सिल्डेनाफिलसारखे आधुनिक द्रव्य मिसळलेले आढळल्याच्या घटना आपण वाचल्या आहेत. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्याच्या पोटात ते नकळत गेले तर रक्तदाब एकाएकी उतरून जिवावर बेतते. आमच्या स्नेह्यांकडेही अशा संशयास्पद कॅप्सूलचा एक खोका होता. नफा चांगला होता. पुस्तक परत करताना ते म्हणाले, “वैद्यराज, तो खोका परत पाठवला. पण गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, त्याचं काय करायचं?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नाही. संघटना म्हणून आपण सर्वांनी मिळूनच ते शोधावे लागेल. चरकाचार्यांनी रसायनाध्यायाच्या शेवटच्या पादात आचाररसायन सांगितले आहे: सत्य बोलणारा, न रागावणारा, नित्य दान करणारा पुरुष औषधावाचून रसायनाचे फळ मिळवतो, असा त्याचा आशय. ते रसायन कोणत्याही काउंटरवर मिळत नाही, म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात कोणी करत नाही.

वैद्याचा केसपेपर

शेवटचे पुस्तक डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’. गडचिरोलीत आरोग्यसेवेचे मोठे काम करणाऱ्या या डॉक्टरांना १९९५ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराचा झटका आला. दुसऱ्यांच्या आरोग्याची चिंता वाहणाऱ्याने आपल्या शरीराकडे, आहाराकडे, मनाच्या धावपळीकडे कसे दुर्लक्ष केले, आणि पुढे आहार, व्यायाम, ध्यान यांच्या आधाराने स्वतःला कसे सावरले, याची ही कहाणी. पुस्तक २००० सालापासून वाचकप्रिय आहे. आपल्यापैकी अनेकांच्या दवाखान्यात ते असेल. आमच्याकडेही होते. कोणी रुग्णाने भेट दिलेले, न वाचलेले.

ते आम्ही वाचले कारण आता ते टाळता येत नव्हते. दोन वर्षांपूर्वी आमची उपाशीपोटीची रक्तशर्करा १६८ निघाली. पुन्हा तपासली, पुन्हा तेवढीच. ही गोष्ट आम्ही सौ.वाचून कोणाला सांगितली नाही. प्रमेहाच्या रुग्णांना बसण्याचे सुख व झोपेचे सुख हे चरकोक्त हेतू समजावून सांगणारा वैद्य स्वतः दिवसाचे दहा तास खुर्चीत बसून प्रमेही झाला, हे कळले तर गावात काय म्हणतील? तपासणी आम्ही दुसऱ्या गावी करत होतो. लॅबमध्ये नाव अर्धवट सांगत होतो.

डॉ. बंग यांनी आपले काहीही झाकलेले नाही. आपली भीती, आपली चूक, आपला अहंकार, सारे वाचकापुढे ठेवले आहे. त्यांचे काही निष्कर्ष आमच्या शास्त्राच्या भाषेत आम्ही निराळ्या शब्दांत मांडू. परंतु स्वतःचा केसपेपर इतक्या स्वच्छ अक्षरांत लिहिणारा चिकित्सक आम्ही दुसरा पाहिला नाही. ते पुस्तक संपवल्यावर पुढच्या सोमवारी एका प्रमेही शिक्षकांना आम्ही म्हणालो, “सर, मलाही आहे.” ते क्षणभर पाहत राहिले. मग म्हणाले, “मग सकाळी घाटावर फिरायला बरोबरच जाऊ की.” त्या दिवसापासून आम्ही दोघे कृष्णेच्या घाटावर फिरावयास जातो. भीती होती तसे झाले नाही. या एका वाक्यानंतर रुग्ण आम्हांला खरे सांगू लागले आहेत. भात किती खातो, गोळी किती वेळा चुकली, हे आता दडवत नाहीत. आमची शर्करा अजून हवी तेवढी उतरलेली नाही, हेही येथे नमूद करतो.

कोरे समास

काही सुहृद म्हणतील, कादंबऱ्या वाचून कोणाचा ज्वर उतरत नाही. बरोबर आहे, उतरत नाही. परंतु दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेतील प्रश्न ही परीक्षा आपण सर्वांत घाईने उरकतो. काय विचारावे हे संहितेत आहे. समोरच्याच्या आयुष्याची काहीच कल्पना नसेल तर ते कसे विचारावे हे कळत नाही. ज्या माणसांच्या वाडीत, पालात, घरात आपण कधी गेलो नाही तेथे ही पुस्तके आपल्याला घेऊन जातात आणि विचारण्याचे धाडस देतात. सुश्रुताचार्यांच्या बहुश्रुत या शब्दाचा अर्थ आता आम्ही असा घेतो: ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो.

शाखेच्या मासिक सभेत शास्त्रीय व्याख्यानानंतर पंधरा मिनिटे वैद्यकाबाहेरील एखाद्या पुस्तकासाठी राखून ठेवावीत, असे सुचवावेसे वाटते. तद्विद्यसंभाषेचे महत्त्व चरकांनी सांगितलेच आहे. औषधालयाच्या मालकांनीही थांबलेल्या गिऱ्हाइकांसाठी बाकाशेजारी एखादा कप्पा करावा. मोबाइलवरील जाहिरातींपेक्षा त्यातून बरे काही मिळेल.

आमच्या कपाटात आता संहितेशेजारी ही पाच पुस्तके आहेत, आणि दोन्ही वरच्या फळीवर. वाग्भटाच्या नव्या प्रतीत आम्ही शिसपेन्सिलीने लिहू लागलो आहोत. गेल्या आठवड्यात कासाच्या अध्यायात, समासात, एक नोंद केली: ‘पाल हलले. नाका बदलला. औषध चालू.’ आमचे चिरंजीव यंदा बारावीला आहेत, त्यांनी ती पाहिली आणि विचारले, “बाबा, हे कशाला?” आजोबांच्या नोंदींना आम्ही हसलो होतो, ते त्यांना सांगितले.